झिजलेला शाफ्ट कोलेटमध्ये बसेना

लेथवाल्या गटातल्या सगळ्यांना नमस्कार. आप्पा, गुडघा काय म्हणतोय? शैलाताई, खोकला हटला का? बंडूभाऊ, डोळ्याची पट्टी निघाली असेल तर हे स्वतः वाचा.

आज भवानी पेठेतली अंबव्वा तिच्या टॉवेलच्या मागाचा शाफ्ट घेऊन आली. झिजलेल्या टोकावर वेल्डिंगचा भर घातलेला. तो लेथवर कातून मापात आणायचा होता.

"मामा, माग एकच हाय, आन् उद्या माल द्यायचाय. आजच करा की!"

नग पकडायच्या नव्या कोलेटची मला भारी हौस, म्हणून माझ्या जुन्या लेथवर आधी तेच लावलं. पण कोलेट नेमक्या मापाचाच गोल नग धरतं. शाफ्टची धरायची बाजूही झिजलेली, कोलेट कितीही आवळलं तरी तो आत फिरायचा. मग तीन जबड्यांचा चक लावला. त्याचे जबडेही माझ्या दातांसारखेच झालेत. शाफ्ट डोलायला लागला.

"मामा, वरातीत नाचवायचा न्हाय त्याला!" अंबव्वा म्हणाली.

शेवटी चार जबड्यांचा डॉग चक चढवला. त्याचा प्रत्येक जबडा वेगळा सरकतो. फिरत्या शाफ्टजवळ खडू धरायचा. रेघ उठेल ती बाजू बाहेर आलेली. लेथ थांबवून समोरचा जबडा ढिला करायचा, त्या बाजूचा आवळायचा. वेळ लई गेला, पण रेघ सगळीकडून सारखी उठल्यावरच कातायला घेतलं.

संध्याकाळी अंबव्वाचा फोन आला. मागाच्या खडखडाटात तिचं बोलणंच ऐकू येईना!

आता तीन जबड्यांच्या चकाचे जबडे घासून घ्यावेत, की चकच नवा घ्यावा? जुन्या लेथवर ज्यांनी हे केलंय त्यांनी लवकर लिहा. उद्या तिच्या जावेचा शाफ्ट येतोय.