एका बाईटची जागा

आमचा वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सायक्लोस्टाइलवर चळवळीची पत्रकं काढत होतो. कावीळ झाली, दवाखान्यात नेलं, संपला. दोन महिने होत आले, राग काही जात नाही. शोकसभेत त्याला शांत, मनमिळाऊ म्हणाले. साफ खोटं. वसंता भांडखोर होता, आणि त्याचं बरोबर होतं.

बी.एस्सी. होऊन तो एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर लागला. थंडगार खोली, चपला बाहेर. कर्मचाऱ्यांच्या नोंदी मशीनवर चढल्या आणि वसंताच्या नावापुढे त्याची जुनी जात चढली. त्यानं अर्ज केला, बौद्ध लिहा. साहेब म्हणाले, मेमरी पुरत नाही, चौसष्ट किलोबाईटच आहे. हा आकडा ऐकला की सगळ्यांना पटायचं. आम्हा पत्रकवाल्यांनासुद्धा.

मग वसंतानं आम्हाला टपरीवर बसवून शिकवलं. बिट म्हणजे एक दिवा, लागलेला नाही तर विझलेला. आठ दिव्यांचा एक बाईट, त्यात एक अक्षर मावतं. आणि किलोबाईट म्हणजे असे एक हजार चोवीस बाईट.

"किलोत तं हजार असतात. हे चोवीस वरचे काहून?" आमच्यातल्या भाऊरावनं विचारलं.

"मशीन दोनानंच मोजते. दोनाची दुप्पट करत चाल, हजार चोवीसवरच पोचशीन. तुया किराणावाला किलोत कमी देते, मशीन जास्त देते."

आम्ही हसलो. तो हसला नाही. "मेमरी म्हंजे कामाचा टेबल. नोंदी टेबलावर नाही, टेपवर रायतात, कपाटात ठेवल्यासारख्या. अन् टेपवर जातीले एक बाईट आधीच राखून ठेवला आहे. त्यात दोनशे छप्पन्न खुणांतली कोणतीबी एक बसते. दोनशे छप्पन्न जाती बसवीन हा साहेब, एक बौद्ध त्याले जड होते."

"मंग तूच बदलून टाक ना गा," भाऊराव म्हणाला. "मशीन तुयाच हातात आहे."

"चोरून काहून? माह्या बापानं भर मैदानात दीक्षा घेतली."

हे सगळं आम्ही पत्रकात छापलं. साहेबांनी वसंताची बदली केली... कागदाच्या गोदामात. ज्याला ते मशीन कळत होतं त्याला रद्दीचे गठ्ठे बांधायला बसवलं. शेवटपर्यंत तो तिथंच होता. दर महिन्याला नवा अर्ज मात्र देत राहिला.

परवा त्याच्या आईनं बोलावलं. नोंद बंद केल्याचा, मशीननं छापलेला कागद कार्यालयातून आला होता. वसंताचं टेबल तिनं हलवलेलं नाही. पेन जागेवर, खुर्ची किंचित मागे ओढलेली, जशी तो ठेवायचा.

"काय लिवलं हाये गा त्याच्यात?"

मी वाचलं. नाव, हुद्दा, मृत. आणि तीच जुनी जात. मी कागद फाडायला निघालो तर तिनं मनगट धरलं.

"फाडू नोको. बस त्याच्या खुर्चीवर. खोड ते, अन् बौद्ध लिव. मोठं लिव, साहेबाले चष्म्याबिगर दिसलं पायजे."

लिहिलं. वसंताच्याच पेनानं. सोमवारी भर कचेरीत ती स्वतः तो कागद साहेबांच्या हातात देणार आहे. मी फक्त सोबत जाणार आहे.