बांधावरून सायकल

निवृत्तीनंतर आम्ही गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. प्लॉटिंग म्हणजे मुरुमाचे आखीव रस्ते, विजेचे खांब, चार घरं आणि बाकी नुसते हद्दीचे दगड. एका पाटीवर ‘बागेसाठी राखीव’ असं लिहिलं होतं. तिथं शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली असे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली, म्हणून कळंबहून एक लेडीज सायकल आणली. साठीला टेकलेली बाई सायकलवर दिसली की सुरुवातीला लोक हातातलं काम सोडून बघत. मी पस्तीस वर्षं शाळेत बाई होते. लोकांनी टक लावून बघायची मला सवय आहे.

डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली अंगावर येतात, म्हणून मी शेतांत शिरले. वाट दिसेल तिकडं जायचं, वाट संपली की परत फिरायचं. कुणाची विहीर कुठं आहे, कुणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुणाचं खरंच चावतं, हे महिन्याभरात कळलं. नवरा म्हणायचा, "तलाठ्याला रजा हवी असेल तर तो तुझ्याकडे चार्ज देऊन जाईल."

सगळ्यात आवडलेली वाट ओढ्याजवळची होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्ही अंगांना बोरी. ती एका मोठ्या शेतातून जाई आणि मागच्या दीड एकराच्या तुकड्यात जाऊन संपे. मोठ्या शेताचे मालक पन्नाशीचे, बोलायला गोड. हरभऱ्याच्या दिवसांत डहाळे उपटून माझ्या सायकलच्या बास्केटमध्ये टाकत. मागचा तुकडा एका एकट्या विधवा बाईंचा होता. आम्ही दोघी एकाच वयाच्या असू, तरी मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्या मला मॅडम. त्यांच्या लिंबाखाली पाणी प्यायचं, दहा मिनिटं बसायचं आणि परतायचं, असा माझा क्रम होता.

जूनमध्ये मालकांनी ती वाट नांगरून तिच्यावर सोयाबीन पेरलं. मी काही विचारलं नाही. म्हटलं, त्यांची शेतं, त्यांचं ते बघून घेतील. मी सायकल हातात धरून बांधावरून जाऊ लागले. खरं सांगायचं तर मला त्यात गंमतच वाटायची.

ऑक्टोबरमध्ये मावशींचं सोयाबीन काढून झालं, गंजी लागली आणि मळणी यंत्र बोलवायची वेळ आली. ते ट्रॅक्टरला जोडून येतं, आणि ट्रॅक्टर काही बांधावरून येत नाही. मालक म्हणाले, इथं गाडीरस्ता कधी नव्हताच. मावशींनी तहसीलमध्ये अर्ज दिला. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि गंजीवर एक जुनी, जागोजागी फाटलेली ताडपत्री होती. वर्षाचं पीक त्या ताडपत्रीखाली होतं.

पाहणीला साहेब आले त्या सकाळी मी नेमकी तिथं पोचले. मालकांनी मला बघितलं आणि लगेच म्हणाले, "साहेब, ह्या मॅडमला इचारा की. रोज येतेत हिकडं. शिकलेलं माणूस हाय, खोटं बोलणार न्हाई."

साहेबांनी विचारलं, "मॅडम, इथून सायकल कशी नेता?"

"बांधावरून. हातात धरून," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर लिहा, असं मी पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले होते. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. आपण कुणाचीच बाजू घेतली नाही, हे बरं झालं, असं मला वाटलं.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पेपर बाजूला ठेवला. "पण उन्हाळ्यात तर तू सायकलवर बसून जायचीस."

"ते त्यांनी विचारलं नाही."

"मग तू सांगायचं होतंस."

मी त्याच्यावर चिडले, कारण त्याचं बरोबर होतं. त्या संध्याकाळी पाऊस पडला, दुसऱ्या दिवशीही पडला. माझी सायकल काढायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी तहसीलला जाऊन लिहून दिलं, की जूनपर्यंत तिथं गाडी जाईल एवढी वाट होती, मी तिच्यावरून सायकलवर बसून जात होते आणि बांधावरून जायला लागले ते नांगरटीनंतर. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. सुनावणी पुढच्या महिन्यात होती.

पोच घेऊन तशीच मावशींकडे निघाले. मालक आपल्या शेतात उभे होते. बातमी माझ्या आधीच पोचली असावी, कारण मला बघून त्यांनी पाठ फिरवली.

मावशी लिंबाखाली ताडपत्री अंथरून काठीनं सोयाबीन बडवत होत्या. एकट्याच. गंजीच्या खालच्या थरातल्या शेंगा काळ्या पडल्या होत्या, काहींना मोड आले होते. मी पोच पुढं केली. त्यांनी पदराला हात पुसून ती घेतली, उलटसुलट बघितली आणि परत देत म्हणाल्या, "वाचून दावा." मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काठी उचलली. मीही एक काठी घेतली. त्या नको म्हणाल्या नाहीत. माझे निम्मे फटके ताडपत्रीवरच पडत होते.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला नाही. "त्या दिशी तुमी खोटं बोल्ला असता तर म्या भांडले असते, मॅडम. लई भांडले असते. पर तुमी खरं बोल्ला. मग म्या काय बोलू?"