प्लास्टर रूम आणि लाखेची कांडी

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. फ्रिजमध्ये उरल्यासुरल्या भाजीचे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि शनिवारी पाहुणे आले की सगळे बाहेर काढावे लागतात.

लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला आमच्याकडे जमणारी मंडळी बहुतेक आयटीतली, नाहीतर बँकेतली. पहिलं भजं तोंडात गेलं की प्रश्न ठरलेला. “मग अश्विनी, या आठवड्यात किती गोळ्या काढल्या?” जसं काही मी बोरं वेचायला जाते!

वर पुन्हा शंका. “पण इथे तर पिस्तुलांवर बंदी आहे ना?”

आहे की! पुण्यात हेल्मेटसक्ती पण आहे.

तर हे किस्से आमच्या प्लास्टर रूमचे. लंडनच्या आतल्या, जरा बदनाम वस्तीतलं आमचं हॉस्पिटल. तिथे शुक्रवारी दुपारी आम्ही चार मराठी डॉक्टर प्लास्टर रूमच्या टेबलावर डबे उघडायचो. मी कॅज्युअल्टीतली, मूळची पुण्याची. भिडे सर हाडांचे सर्जन, मिरजेहून सत्तरच्या दशकात आलेले, आमचे सगळ्यांचे बॉस. मंगेश वानखेडे नागपूरहून नुकताच आलेला. आणि नेहा, मिल्टन कीन्समध्ये जन्मलेली, आमची सगळ्यात ज्युनिअर डॉक्टर. तिचं मराठी आईकडून ऐकून आलेलं, त्यामुळे त्यात भाकरी पुल्लिंगी आणि भात स्त्रीलिंगी.

पेशंटांची नावं बदलली आहेत. विळी मात्र खरी आहे.

*

आमच्याकडे गोळी लागून किंवा चाकू लागून येणाऱ्या प्रत्येकाचं एकच वाक्य असायचं. “मी पाठमोरा होतो. मला काही दिसलं नाही.”

छातीत भोसकलेला माणूस पाठमोरा. गुडघ्यात गोळी लागलेला पाठमोरा. त्याला सोडायला आलेले तीन मित्र, तेही पाठमोरे!

भिडे सरांना या वाक्याचा भयंकर संताप. “अरे, सगळेच पाठमोरे! मग ही गल्ली पुढून बघतं तरी कोण?” असं ते पेशंटला तोंडावर विचारायचे. सरांचं म्हणणं सरळ होतं. माणसाने पाहिलं ते सांगावं. कोर्टात साक्षीला बोलावलं की सर खास निळा टाय लावून जायचे आणि आल्यावर दिवसभर तो काढायचे नाहीत.

एकदा एक तगडा गडी पालथा झोपूनच स्ट्रेचरवरून आला. गोळी कुल्ल्यात. सरांनी विचारलं, “कोणी मारली?”

“मी पाठमोरा होतो.”

सर तोंड उघडणार होते, पण जखमेकडे बघून गप्प बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “अश्विनी, इतक्या वर्षांत हा पहिला खरं बोलणारा भेटला!”

*

मंगेश आला त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जेमी नावाचा विशीतला पोरगा दंडाला टॉवेल गुंडाळून चालत आत आला. गोळी मांसातून आरपार गेली होती. हाड वाचलं होतं, पण जखम घाण होती.

आता, आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलात तयार झालेल्या डॉक्टरला गोळी दिसली की हात आपोआप चालतात. एमएलसी करायची, म्हणजे पोलीस केस नोंदवायची. हॉस्पिटलातच पोलीस चौकी असते, तिथल्या हवालदाराचा बक्कल नंबर लिहून घ्यायचा, पेशंटच्या अंगावरच्या दोन खुणा लिहायच्या, आणि गोळी बाटलीत घालून, वर कापड बांधून लाखेने सील करायची. इथे तसं नाही. गोळी लागलेला कोणी आलाय एवढं पोलिसांना कळवायचं, नाव सांगायचं की नाही ते बहुतेक वेळा पेशंटच्या मर्जीवर.

मंगेशला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने जेमीला पहिला प्रश्न विचारला, “वडिलांचं पूर्ण नाव?” दुसरा प्रश्न, “अंगावर तीळ वगैरे आहे का? दोन दाखवा.” आणि तिसरं वाक्य नर्सला, मोठ्याने. “पोलिसांना फोन करा, आणि लाख कुठे ठेवता?”

जेमीने एकदा मंगेशकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि धूम ठोकली. हातात सलाईनची सुई तशीच, अँटिबायोटिक न घेता, जखम उघडी!

नेहा भडकली. “मंगेशदादा, तो आता कुठल्याच हॉस्पिटलमध्ये जाणार नाही! त्याचा जखम सेप्टिक झाला तर? ही माणसं घरात बसून मरतात, यू नो दॅट?”

“मी तं रूटीनच करून राहिलो होतो नं,” मंगेश म्हणाला. पण तोंड उतरलं होतं त्याचं. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

सर मात्र ठाम. “गोळीची केस पोलिसांकडे गेलीच पाहिजे. पण काय रे वानखेडे, तीळ कशाला मागितलास?”

*

मंगेश रोज रिसेप्शनला विचारायचा, जेमी आला का? आला नाही. आला नाही.

आणि मग एका सकाळी आला. स्वतःहून नव्हे. त्याच्या आजीने, मिसेस पार्करनी, अक्षरशः कान धरून आणला! मिसेस पार्कर आमच्या ओळखीच्या. सरांनीच त्यांचा खुबा बदलला होता. चाकांची चौकड्यांची खरेदीची पिशवी ओढत त्या दर महिन्याला तपासायला यायच्या, आणि येताना सरांना घरचा केक आणायच्या. जेमी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेला, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या थेट मंगेशसमोर उभ्या राहिल्या. “पोलिसांना फोन करणारा डॉक्टर तो तूच का?”

मंगेश दोन पावलं मागे. “नाही, म्हणजे, मॅडम…”

“बापाचं नाव तुला कळलं तर मलाही सांग. तीळ एक आहे, डाव्या कुल्ल्यावर. मी आंघोळी घातल्यात त्याला. आता शीव!”

जेमीचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. मंगेशने जखम धुतली, काठ साफ केले, टाके घातले. इतकं मन लावून टाके घालणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

सरांनी जेमीला विचारायचं ते विचारलंच. “कोणी मारली?”

“मी पाठमोरा होतो.”

सर लालबुंद! पण मिसेस पार्करनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं. “मिस्टर भिडे, माझं वय झालं. मला एकच पाहिजे. याने मला खांदा द्यायचाय, मी याला नाही.”

सरांनी मनगटावरचं घड्याळ उगाच काढून परत घातलं.

*

त्याच शनिवारी आमच्याकडे जेवायला सगळे जमले होते. भिडे सर आले होते, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही. विषय अर्थातच बंदुका. माझ्या नवऱ्याचा मित्र समीर, बँकेतला, तासभर पेटला होता.

“मी सांगतो, प्रत्येक नागरिकाला बंदूक द्या! गुंडांकडे आहेच, मग आपणच का नको? माणसाने आपल्या घराचं रक्षण स्वतः केलं पाहिजे. भित्र्यांचा देश झालाय हा!”

तेवढ्यात बेल वाजली. समीरने पडदा जरासा सरकवून पाहिलं. दारात एक पोरगा उभा, डोक्यावर हुडी ओढलेली.

समीरने पडदा सोडला आणि बायकोला म्हणाला, “मीनल, तू बघ ना जरा कोण आहे.”

मुलांसाठी मागवलेला पिझ्झा होता!

सर शांतपणे म्हणाले, “समीर, तुझी बंदूक आम्ही मीनलच्याच नावावर घेऊ.”

*

मग उन्हाळ्यात पोलिसांनी चाकूंसाठी अ‍ॅम्नेस्टी काढली. म्हणजे ठाण्याबाहेर मोठा डबा ठेवायचा, त्यात कोणीही येऊन चाकू टाकावा, कोणी काही विचारणार नाही. सर भलतेच खूश. घरी जाऊन काकूंना म्हणाले, “आपणही एक टाकू. सिम्बॉलिक!”

काकूंनी बराच विचार केला. चांगल्या सुऱ्या कशाला द्यायच्या? माळ्यावर लग्नात आलेली विळी होती, खोबरं खवायच्या दातेरी चकतीसकट. गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद झालं होतं. काकूंनी ती पेपरात गुंडाळली आणि डब्यात टाकली. तिरकी करून घालावी लागली म्हणे.

पुढच्या आठवड्यात लोकल पेपरात फोटो! टेबलावर जप्त केल्यासारखे सगळे चाकू मांडलेले, आणि अगदी मधोमध, मानाच्या जागी, काकूंची विळी. खाली लिहिलं होतं की हे अज्ञात पूर्वेकडचं शस्त्र असून, अडकित्त्यासारखं पायाने दाबून शत्रूला त्यात धरत असावेत, आणि वरच्या दातेरी चकतीचा उपयोग सांगण्यासारखा नाही.

काकू पेपर घेऊन सरांपुढे उभ्या. “अहो, ठाण्यात जाऊन सांगा त्यांना! अज्ञात काय अज्ञात? किती कोबी चिरलाय तिच्यावर!”

सर गेले. पाहिलं ते सांगणारा माणूस! निळा टाय लावून गेले आणि ठाण्यात विळीचं प्रात्यक्षिक करून आले. तेव्हापासून तिथले दोन हवालदार त्यांना रस्त्यात भेटले की अदबीने नमस्कार करायचे.

*

मंगेश दिवाळीला नागपूरला जाऊन आला तेव्हा सामानातून एक लाखेची कांडी घेऊन आला. लाल, जाडजूड. आम्ही पोट धरून हसलो.

“काय करणार आहेस तिचं?”

“असू द्या नं. समाधान वाटते,” म्हणाला, आणि प्लास्टर रूमच्या खणात ठेवून दिली. पोलिसांना फोन करायचं मात्र त्याने सोडलं होतं. तो फोन आमच्यापैकी कोणीतरी करायचं.

त्यानंतरच्याच एका शुक्रवारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. दार ढकलून मिसेस पार्कर आत आल्या. मागे चौकड्यांची पिशवी. तपासणीची तारीख नव्हती.

त्यांनी पिशवीतून बटाटे काढून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. बटाट्यांच्या खालून केकचा पत्र्याचा डबा निघाला. त्यांनी झाकण उचललं. आत किचनचा टॉवेल होता, आणि टॉवेलमधून पिस्तुलाची मूठ दिसत होती.

नेहा उठून भिंतीला टेकली.

“त्याच्या गादीखाली होतं,” मिसेस पार्कर म्हणाल्या. “चाकूंचा डबा पोलिसांनी उचलून नेला. ठाण्यात गेले तर गल्लीभर होईल. हॉस्पिटलात मी आले तर कोणी का म्हणून विचारत नाही.”

पिस्तूल जवळ सापडलं तर किमान पाच वर्षं आत, असा कायदा नुकताच झाला होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो माहीत होता. मिसेस पार्करनाही असावा, कारण झाकण उचलण्याआधी त्यांनी मागचं दार लागलंय ना ते पाहिलं होतं.

त्या मंगेशकडे वळल्या. “पोलिसांना फोन करणारा डॉक्टर तूच ना? कर.”

मंगेशने सरांकडे पाहिलं. सर कधीचे त्या डब्याकडे बघत होते.

“कर फोन,” सर म्हणाले.

“आणि नाव, सर?”

“आधी फोन तर कर.”

मंगेशने फोन केला. मग पिस्तुलाला हात न लावता डब्याचं झाकण घट्ट बसवलं, खणातून लाखेची कांडी काढली आणि इकडेतिकडे बघायला लागला. काडेपेटी कोणाकडेच नव्हती. नेहाने हळूच खिशातून लायटर काढून दिला. नेहा सिगारेट ओढते, हे सरांना त्या क्षणी कळलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

लाल लाख झाकणाच्या फटीवर टपटप पडली. “हे कशाला?” मिसेस पार्करनी विचारलं.

“मध्ये कोणी उघडलं नाही, काही काढलं नाही, घातलं नाही, हे कळावं म्हणून,” मंगेश म्हणाला. “पण वर छाप पाहिजे. आमच्याकडे पितळी शिक्का असतो.”

मिसेस पार्करनी पर्समधून एक नाणं काढलं आणि स्वतःच्या हाताने ओल्या लाखेवर दाबलं. राणीचं तोंड स्वच्छ उमटलं.

“माझी बस येईल आता,” त्या म्हणाल्या.

कोर्टात निळा टाय लावून जाणारे आमचे भिडे सर उठले, बटाटे एकेक करून पिशवीत भरले, आणि दार उघडून धरलं. पिशवीची चाकं कॉरिडॉरमध्ये करकरत गेली ती बराच वेळ ऐकू येत होती.

पोलीस आले. दोन बंदूकधारी, आणि त्यांच्याबरोबर एक साध्या कपड्यातला अधिकारी. त्याने डबा फिरवून फिरवून पाहिला, राणीचं तोंड पाहिलं, आणि जन्मात असं काही बघितलं नसल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. मंगेशने त्याचा नंबर लिहून घेतला.

मग तो सरांकडे वळला. “सर, तुम्ही इथले सीनिअर. विळी दाखवायला आला होतात, मी ओळखतो तुम्हाला. हा डबा आत कोणी आणला, ते तुम्ही पाहिलंच असणार.”

टेबलाखाली एक बटाटा घरंगळून राहिला होता. सरांनी वाकून तो उचलला, कोटाच्या खिशात टाकला, आणि अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

“सॉरी, ऑफिसर. मी पाठमोरा होतो.”