चुंबकमॅडम आणि आमच्या देव्हाऱ्यातला गोळा

कल्याणच्या कॉलेजात आम्हाला भूशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण चुंबक असायचाच. खिडकीचा गज, बाकाचा खिळा, कुणाचं कडं, कशालाही तो लावून बघायच्या. आम्ही त्यांना चुंबकमॅडम म्हणायचो. हे त्यांनाही ठाऊक होतं. "माझ्या सासरच्या आडनावापेक्षा बरं आहे," म्हणायच्या.

चष्म्याच्या डबीत, कापसात, त्यांनी लोखंडी उल्केची एक चकती जपली होती. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या. "ह्या कुणी कोरलेल्या नाहीत," त्या सांगत. "एक छोटा ग्रह तापून वितळला. जड लोखंड त्याच्या पोटात उतरलं, वर दगडाचं जाड पांघरूण. म्हणून ते लाखो वर्षं हळूहळू निवत राहिलं, तेव्हा कुठे हे स्फटिक वाढले. पुढे टकरीत तो ग्रह फुटला आणि एक तुकडा आपल्याकडे आला. भराभर निवलं असतं तर ही नक्षी उमटलीच नसती."

ऐकताना मला आमच्या आंबिवलीच्या घरातला देव आठवला. आजोबांना पाया खणताना सापडलेला काळा, जड गोळा. आभाळातून पडलेला म्हणून शेंदूर लावून देव्हाऱ्यात बसवलेला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, बाबांचं म्हणणं, घोडबंदर रोडच्या ऑफिसातली नोकरी मिळतेय, ती धर. देव खरोखर उल्का निघाला, तर बाबा ऐकतील असं मला वाटलं.

माझ्या सांगण्यावरून मॅडम रविवारी घरी आल्या. चुंबक खटकन चिकटला. बाबांचा चेहरा फुलला.

"थांबा, कल्याणच्या नव्या लोखंडी पत्रीपुलालाही तो चिकटतो," मॅडम म्हणाल्या. मग देवाला हात जोडून त्यांनी बाबांना विचारलं, "खालून जरा कानस मारू? नको म्हणालात तर चहा घेऊन जाईन."

बाबांनी स्वतः गोळा उलटा धरला. घासलेल्या जागी बुडबुड्यांची बारीक भोकं दिसली.

"इथे जवळ कारखाना होता का हो?"

"होता की. ओतकामाचा. ह्या घरामागेच," बाबा म्हणाले.

आईने हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

"मग हे भट्टीतलं बीड आहे, दादा, ओतीव लोखंड. उल्केच्या लोखंडात अशी भोकं नसतात."

"म्हणजे आमचा देव खोटा?"

"देवाचं मला विचारू नका. मी फक्त लोखंडाचं सांगते."

मी रडायच्या बेतात होते. मॅडमनी डबी उघडली, चकती बाबांच्या हातात दिली आणि वर्गातली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. बाबा रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"निवायला किती वर्षं म्हणालात?"

"लाखो."

"आणि हिच्या त्या एम.एस्सी.ला?"

"दोन."

बाबा आईकडे वळले. "दोनच म्हणतायत गं. होऊ दे."

मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेल्या. मी आता कोपरला राहते, कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी. करते. काम रखडलं की त्यांना फोन लावते. "निवू दे गं सावकाश," एवढंच म्हणतात.

देव देव्हाऱ्यातच आहे. बाबा रोज शेंदूर लावतात, पण कानस मारलेली जागा मोकळी ठेवतात. पाहुणे आले की गोळा उलटा करून दाखवतात, "ही बघा. इथून आमची पोरगी शिकली."