टेकडीवरच्या आजोबांना गेरू

मी पेठेतली. लग्न होऊन धायरीला आले तेव्हा तिथं अजून शेतं होती. घरामागच्या टेकडीवर मोठाल्या धोंड्यांचं एक रिंगण होतं आणि मधे दगडांची रास. सासूबाई त्याला 'आजोबा' म्हणायच्या. कुणाचे आजोबा, असं विचारलं की, "आसंल कुणाचा तरी. आपल्या दारात हाय म्हंजी आपलाच," एवढंच उत्तर. मला हसू यायचं. पण ही बाई मला मनापासून आवडायची.

मग शेतं विकली गेली, इमारती आल्या, आणि टेकडी फोडून रस्ता काढायचं ठरलं. सासूबाईंच्या घशाखाली घास उतरेना. माझ्या नवऱ्यानं खटपट करून पुरातत्त्व खात्यात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, हे हजारो वर्षांपूर्वीचं थडगं असावं, पाहायला येतो. ते मुळात होतं तसंच सापडलं तर संरक्षण मिळेल आणि रस्ता वळवावा लागेल.

साहेब आले. आम्ही वर पोचलो आणि मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, आजोबा लालभडक! पाहुणे येणार म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशी ढासळलेली रास नीट रचली होती, धुतली होती आणि वरून गेरू फासला होता. अगदी दिवाळीतलं तुळशीवृंदावन.

"आजी, अहो हे काय केलंत?" साहेब कळवळले. "दगड होते तिथंच हवे होते. आता हे जुनं आहे हे मी दाखवू कसं?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माज्यामुळं जानार का वो त्यो?"

मला भडभडून आलं.  साहेब बाह्या सरसावून रिंगणातल्या धोंड्यांभोवतीची माती ब्रशनं झाडत बसले, पार उन्हं उतरेपर्यंत. ते धोंडे जमिनीत खोल रुतलेले, म्हातारीला काही हलले नव्हते. "एवढ्यावर भागेल," ते शेवटी म्हणाले.

आणि भागलं की! रस्ता वळला, भोवती जाळी आली, तिला कुलूप आलं, पाटी लागली: आत जाण्यास मनाई. माझं डोकंच फिरलं. जिनं जपलं तिलाच बाहेर उभं करतात, वा रे न्याय! जाऊन साहेबांना कुलूप काढायलाच सांगते, म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गं," जाळीपाशी उभ्या सासूबाई म्हणाल्या. "माजा हात लागला न्हाई, तरच त्यो टिकंल." आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.