धूमकेतूला लागलेलं हळदीचं बोट

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या उन्हाळ्यात माझा मुक्काम नागपुरातल्या प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत असायचा. कुलरच्या खसचा वास, त्याची घरघर, आणि यंत्राखालून सरकणारी फोटोची काच. काचेवर जुन्या धूमकेतूचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले रंग वेगळे होऊन उमटलेल्या काळ्या रेघा. यंत्र रेघांचा काळेपणा मोजायचं, पेन कागदावर डोंगर काढत जायचं आणि मी अर्धवट झोपेत बघत बसायची. माझ्या जन्माआधीचा उजेड माझ्यासमोरून सरकत होता. काय सुख होतं ते, सांगू!

काचा माझ्या सरांच्या. ते निवृत्त होऊन शहराबाहेर बेस्याला राहायचे. तरुणपणी पारशिवनीच्या एका शेतात दुर्बीण मांडून त्यांनी हे फोटो काढले होते. एका काचेवर त्यांना सोडियमची पुसट रेघ दिसली. बाकी कुणालाच दिसली नाही. मोठ्या लोकांनी हसण्यावारी नेलं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. भेटले की एकच विचारायचे, "काय वं, दिसली का माही रेघ?"

आणि दिसली! नेमकी सोडियमच्या जागी, चांगला ऐसपैस डोंगर. मी खुर्चीतून उडालेच. मग डोकं ठिकाणावर आलं. पुसट रेघ एवढी जाडजूड कशी? काच उजेडात धरली, तर मागच्या बाजूला पिवळं बोट उमटलेलं. हळद! अशी चिडले म्हणता! तणतणत स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काच लख्ख केली.

पुन्हा मोजलं. डोंगर गायब. आकडे कार्डांवर टोचून संगणकाला दिले, आकाशाचा उजेड वजा केला, आणि तिथं बारीकशी, ताठ रेघ उभी राहिली. सरांचीच. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन बेस्याला गेले. सरांनी चष्मा पुसून रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. "होती न मंग," एवढंच म्हणाले. मी हसत हसत हळदीचं सांगितलं.

"पुसलं तू?"

"हो, स्पिरिटनं."

ते म्हणाले, "खंडेनवमीले आमच्या घरी हातमागाची पूजा व्हायची. त्या वर्षी आमच्या घरचीनं काचाही मागाजवळ मांडल्या. म्हणे, तुमचं हत्यार तर हेच."

सरांच्या बाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते बोट त्यांचं होतं, आणि मी ते पुसून बसले होते.

"काहून रडून राहिली वं? रेघ सापडली न." त्यांनी रेघेचा कागद माझ्याकडे सरकवला. "हा तुह्या प्रबंधात लाव. तो पहिला मले दे."

हळदीच्या त्या चुकीच्या डोंगरावर त्यांनी बोट ठेवलं, आणि माझा चहा संपेपर्यंत उचललं नाही.