पाच हॉर्सपॉवरची भाजणी

सांगतो, पण चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. दोह्यात लोक मला जाणकार समजून फोन करतात, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकल्यावर ते खरं वाटणार नाही.

माझं काम मोटरला ड्राइव्ह जुळवून देण्याचं. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा. पंख्याच्या रेग्युलेटरचा इंजिनिअर झालेला भाऊ म्हणा ना! इथे सगळ्यांना मोटर मोठीच हवी असते. पंपाला लागते एवढीशी, पण डिझाइन करणारा पुढेमागे असावी म्हणून थोडी वाढवतो, कॉन्ट्रॅक्टर त्यावर आपली थोडी वाढवतो. मग ड्राइव्ह घेताना मात्र सगळ्यांना काटकसर आठवते. मी प्रत्येकाला एकच सांगतो, पंपाला किती लागतं ते बघू नका, मोटरच्या पाटीवरचे अँपिअर बघा. मोठी मोटर रिकामी फिरली तरी करंट खातेच!

सासूबाईंना मात्र जावई नेमकं करतो काय, हे लग्नापासून कळलेलं नव्हतं. सिन्नरहून पहिल्यांदाच आमच्याकडे अबू हमूरला दिवाळीला आल्या होत्या. यावेळी त्यांना दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं.

आणि आमची घरघंटी जळाली.

सासूबाईंनी चकलीची भाजणी मस्त खमंग भाजली होती. मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरघंटी सुरू केली. ती गुरगुरली, वास सोडला आणि गप्प झाली.

"अल मन्सूराच्या दुकानात गिरणी आहे, तिथून दळून आणते," मनीषा म्हणाली.

"नको गं बाई. आधी कुणाची मिरची दळलेली असेल!"

"मी आहे ना!" मी म्हणालो.

इथे कुणीतरी मला अडवायला हवं होतं. पण दिवाळीत जावयाला अडवणार कोण?

ऑफिसच्या भंगारात एक थ्री-फेज मोटर पडून होती. पाच हॉर्सपॉवरची. घरघंटीला पुरते एक. शेजारचे दाऊदभाई रत्नागिरीचे, त्यांच्या पिकअपमधून ती आणली.

उतरवताना ते म्हणाले, "सुहासभाई, ही मोटर गिरनीची हाय का लाँचची?"

"मोठी असली तर बिघडलं कुठे? काम तर एक हॉर्सपॉवरचंच आहे ना!"

हे वाक्य मी म्हणालो. मी!

डेमोसाठीचा छोटा ड्राइव्ह बॅगेत होताच. मागच्या अंगणात घरघंटी ठेवली, शेजारी मोटर मांडली, पट्टा चढवला, बटण दाबलं. मोटर हुंकारली, ड्राइव्ह बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. पडद्यावर लिहून आलं की करंट जास्त होतोय. गिरणीत अजून एक दाणा पडला नव्हता!

"सुहासराव, चहा ठेवू?" सासूबाईंनी विचारलं.

मी सेटिंग बदललं. बंद. वेग हळूहळू वाढवून पाहिला. बंद. चहावर चहा होत राहिला. मनीषा एरवी मला नावाने हाक मारते. आईसमोर "अहो" म्हणते. पण त्या दिवशीचं "अहो, राहू द्या आता" मला नावाने मारलेल्या हाकेपेक्षा जास्त लागलं.

"राहू द्या काय? ड्राइव्ह लहान पडतोय फक्त!"

शुक्रवारची सुट्टी होती. तरी पुन्हा ऑफिसला गेलो आणि पाच हॉर्सपॉवरला शोभेल असा ड्राइव्ह घेऊन आलो. व्हिलाला थ्री-फेज लाईन होतीच. पाटीवरचे आकडे भरले, बटण दाबलं, आणि मोटर अशी सुरेख फिरली म्हणता! दाऊदभाईंनी "माशाल्ला" म्हटलं. सासूबाईंनी परात पुढे केली. मी स्वतःच्या हाताने भाजणी ओतली.

ड्राइव्ह मोटरला जुळला होता. मोटर गिरणीला जुळते का, हे बघायचं राहिलं होतं.

मध्येच भाजणी अडकली. जुनी मोटर अशा वेळी निमूट थांबायची. हिला थांबणं माहीत नव्हतं. किती जोर लावायचा याची मर्यादा ड्राइव्हमध्ये घालता येते. ती मी घातली नव्हती. खाड्कन आवाज झाला, झाकण उडालं, आणि घरघंटी अंगणातून चालत निघाली. अहो, खरंच चालत! दाऊदभाई "खलास, खलास!" ओरडत पिकअपमागे गेले. मी धावत जाऊन स्विच बंद केला.

सगळं शांत झालं. भिंतीवर भाजणी, वाळत घातलेल्या कपड्यांवर भाजणी, पिकअपवर भाजणी. मधोमध रिकामी परात धरून सासूबाई. भुवया पांढऱ्या.

त्यांनी गालावरचं पीठ चिमटीत घेतलं, बोटांनी चोळून पाहिलं.

"दळण मात्र मऊ आलंय हो," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा भाजणी भाजली. मनीषा ती अल मन्सूराला घेऊन गेली, गिरणीतून आधी मूठभर तांदूळ काढून घेतले, आणि तासाभरात पीठ घरात आलं. दुसऱ्या दिवशी चकल्या करायला बसलो. मला तळायचं काम दिलं नाही. मोजायचंही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. एका साईटवरचे पाटील, आपले सांगलीचे. सोऱ्याला तेल लावून माझे हात तेलकट झाले होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"साहेब, पंप बारका आणि मोटर दांडगी बसवलीय. छोटा ड्राइव्ह लावला तर चालंल का?"

"अजिबात नाही, पाटील!" मी म्हणालो. आणि मग मला राहवलं नाही. पाटीवरचे अँपिअर, रिकाम्या मोटरचा करंट, जोराची मर्यादा आधी घाला नाहीतर पंप मोडेल, सगळं अगदी सुटसुटीत समजावून दिलं. पाटील खूश झाले. "तुमच्यासारखं कोन सांगत न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.

सासूबाईंचा सोऱ्या थांबला होता. त्या मनीषाकडे वळल्या आणि हळूच, म्हणजे मला ऐकू येईल इतक्या हळूच, म्हणाल्या,

"मने, अगं, येतं की त्यांना सगळं! मग काल काय, बरं नव्हतं का?"